जिभेला चकवणारा चमचा

मिसो सूप, रामेन, लोणची! जपानी ताटात मीठ सढळ असतं. दिवसाला माणशी साधारण 10 ग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या 5 ग्रॅमच्या दुप्पट. यावर उपाय म्हणून किरिन या बिअरसाठी प्रसिद्ध कंपनीने मे 2024 मध्ये बाजारात आणला चक्क विजेचा चमचा.

वजन 60 ग्रॅम, आत बॅटरी. दांडा हातात धरून चमचा जिभेला लावला की सर्किट पूर्ण होतं आणि अगदी सौम्य प्रवाह वाहू लागतो. अन्नात विखुरलेले सोडियमचे आयन त्यामुळे जिभेकडे ओढले जातात. कंपनीच्या म्हणण्यानुसार खारटपणा सुमारे दीडपट जाणवतो. या तंत्रामागे आहेत मेजी विद्यापीठाचे होमेई मियाशिता. विजेच्या चॉपस्टिक्स आणि स्ट्रॉच्या प्रयोगांसाठी हिरोमी नाकामुरा यांच्यासह त्यांना 2023 चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, मिळालं होतं. 2024 मध्ये बाजारात आला तेव्हा चमच्याची किंमत होती 19,800 येन. तेवढ्यात मिठाची पोती येतील, पण मुद्दा मीठ टाळण्याचाच आहे ना!

टोकियोच्या युकाई इंजिनिअरिंग कंपनीचा रोबो 'नेकोजिता फूफू' त्यामानाने निव्वळ गंमत. कपाच्या काठावर बसलेलं हे इवलंसं मांजर गरम चहावर फुंकर घालतं. 2025 च्या सुरुवातीला लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात त्याने भाव खाल्ला.

आणि माणसं धुण्याचं यंत्र? तेही आहे. ओसाकाच्या 2025 च्या जागतिक एक्स्पोत सूक्ष्म बुडबुड्यांनी माणसाला धुऊन, वाळवून बाहेर काढणारी कॅप्सूल होती. सान्यो कंपनीने असंच यंत्र 1970 च्या ओसाका एक्स्पोत दाखवलं होतं.