टँडम उडी: दोन जिवांचा भार एका पाठीवर

टँडम उडीत नवखा विद्यार्थी आणि प्रशिक्षक एकमेकांना बांधलेले असतात. विद्यार्थी पुढे, प्रशिक्षक त्याच्या पाठीला लागून. नेहमीचे मुख्य पॅराशूट आणि अडीअडचणीचे राखीव पॅराशूट, दोन्ही प्रशिक्षकाच्याच पाठीवर असतात. विद्यार्थ्याच्या अंगावर फक्त हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या आवळून धरणारे पट्टे. दहा ते तेरा हजार फुटांवर विमानातून बाहेर पडायचे, पाऊण-एक मिनिट सरळ खाली कोसळायचे, पाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडायचे आणि मग चार-पाच मिनिटे तरंगत जमिनीवर यायचे, असा हा प्रवास. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या पॅराशूट बनवणाऱ्या दोघांनी ही पद्धत आकाराला आणली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बरीच वर्षे तिला विशेष सवलतीखाली चालू दिले. २००१ मध्ये ती नियमांत कायमची आली.

दोघे एकत्र पडू लागले की पहिली अडचण वेगाची. वजन दुप्पट होते, पण वाऱ्याला अडवणारे अंग जवळजवळ एकाच माणसाचे. एकटा माणूस पोटावर आडवा पडत असताना त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. टँडम जोडीचा मात्र पुष्कळ पुढे जातो. त्या वेगात मुख्य पॅराशूट उघडले तर बसणारा हिसका शरीराला आणि कापडाला दोन्हींना धोक्याचा. म्हणून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक ड्रोग नावाचे छोटे पॅराशूट हवेत सोडतो. ते मागे ओढले जात राहते आणि जोडीचा वेग एकट्या माणसाइतका राखते. ठरलेली उंची आली की प्रशिक्षक मूठ ओढतो, ड्रोगची पकड सुटते आणि तेच ड्रोग मुख्य पॅराशूटला पिशवीतून बाहेर खेचते. ड्रोग सोडण्याआधी जोडी स्थिर असणे अतिशय महत्त्वाचे. गिरक्या खाताना ते सोडले आणि दोरी कोणाच्या हातापायात अडकली, तर पुढचा सगळा क्रमच बिघडतो.

मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही तर काय, हा प्रश्न या साधनाच्या रचनेत पहिल्यापासून गृहीत आहे. दोर पिळले गेले, कापड फाटले किंवा जोडी गरगरू लागली, तर मुख्य पॅराशूट आधी अंगावेगळे करावे लागते. नाहीतर राखीव त्यात गुरफटते. त्यासाठी खांद्यावर एकात एक ओवलेल्या तीन कड्या असतात. ही रचनाही बूथ यांचीच, १९७०च्या दशकातली. मोठ्या कडीवर आलेला भार मधल्या आणि लहान कडीपर्यंत येताना इतका कमी होतो की शेवटी तो दोऱ्याच्या एका छोट्या फासावर पेलला जातो. मूठ ओढून त्या फासातली तार काढली की क्षणात पॅराशूट सुटून जाते. सुटणारा पट्टा जाता जाता राखीव पॅराशूटची पिन ओढून नेईल, अशी जोडदोरीही बसवलेली असते. प्रशिक्षक बेशुद्ध पडला किंवा त्याला उंचीचे भान राहिले नाही, तर त्यावरही उपाय आहे. जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी तयार केलेले सायप्रेस हे उपकरण १९९१ मध्ये बाजारात आले. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहते. सुमारे १९०० फुटांवरही जोडी अजून वेगाने कोसळत असेल, तर टँडमसाठीच्या सायप्रेसमधली छोटी सुरी राखीव पॅराशूट बंद ठेवणारा दोरा कापते.

ही सगळी साखळी घडी घालणाऱ्याच्या, म्हणजे रिगरच्या, हातावर उभी आहे. अमेरिकेत राखीव पॅराशूट वापरले असो वा नसो, दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरने ते उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून मोहोरबंद करायचे असते. घडीच्या कार्डावर तारीख आणि सही असते, आणि ते मागून पाहता येते.

विद्यार्थ्याच्या बाजूचे सर्वांत नाजूक काम मात्र अगदी साधे दिसते: पट्टे आवळणे. जमिनीवर उभ्या माणसाला घट्ट वाटणारा हार्नेस विमानात थोडा वेळ बसल्यावर सैल होतो. उडीच्या आधी विद्यार्थी प्रशिक्षकाच्या पुढ्यात सरकून बसतो. प्रशिक्षक आधी खांद्यांचे दोन हुक लावतो, मग कमरेजवळचे दोन. प्रत्येक हुक हाताने चाचपतो, ओढून पाहतो आणि मग पट्टे आणखी आवळतो. दार उघडण्याआधी हीच तपासणी पुन्हा होते. वयस्कर, स्थूल किंवा ताठ न बसू शकणाऱ्या माणसाच्या मांड्यांचे पट्टे पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याने पुढे सरकू शकतात. म्हणून काही हार्नेसमध्ये ते मागच्या बाजूने एकमेकांना जोडणारा जादा पट्टा असतो. या चार हुकांवर घालवलेले अर्धे मिनिट हा साऱ्या उडीतला सर्वांत मोलाचा वेळ आहे.

प्रशिक्षक होण्यासाठी अमेरिकी नियमानुसार किमान ३ वर्षांचा अनुभव, ५०० उड्या आणि मास्टर श्रेणीचा परवाना लागतो. त्यावर ज्या कंपनीचे साधन वापरायचे, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण. त्यात सुरुवातीला खुद्द परीक्षक विद्यार्थी म्हणून पुढे बांधला जातो आणि मुद्दाम चुका करतो: पाय वाकडे फेकतो, हात धरतो, जोडीला फिरवतो. त्यानंतर अनुभवी माणसांना घेऊन उड्या, आणि मग नवखे. ही पायरी चुकवली तर काय होते, हे ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लोडाय येथे दिसले. एका टँडम उडीत पॅराशूट नीट उघडले नाही. अठरा वर्षांचा विद्यार्थी आणि प्रशिक्षक दोघेही गेले. प्रशिक्षकाकडे आवश्यक पात्रता नव्हती आणि त्याला शिकवणाऱ्याचे परीक्षकपद तेव्हा निलंबित होते, असे चौकशीत निघाले. त्या शिकवणाऱ्याला पुढे न्यायालयाने फसवणुकीबद्दल शिक्षा दिली. साधने कितीही चांगली असली तरी खोट्या कागदावर ती चालत नाहीत.

विद्यार्थ्याला शिकवायचे थोडेच असते, पण ते पक्के शिकवावे लागते. बाहेर पडताना कंबर पुढे, डोके मागे, पाय प्रशिक्षकाच्या पायांमध्ये मागे दुमडलेले. या बाकाला आपल्याकडचे प्रशिक्षक सरळ ‘केळं बन’ असे सांगतात. हात खांद्यांच्या पट्ट्यांवर, आणि खांद्यावर थोपटले की बाजूला पसरायचे. घाबरलेला माणूस हाताला येईल ते पकडतो. त्याने प्रशिक्षकाचा दंड धरला तर मूठ ओढायला हातच उरत नाही. त्यामुळे काय करायचे यापेक्षा काय धरायचे नाही, हे चांगला प्रशिक्षक अधिक वेळा सांगतो आणि जमिनीवर करवून घेतो. उतरताना दोन्ही पाय उचलून समोर ताठ धरायचे, हेही तरंगत असताना एकदा करून पाहिले जाते; पाय खाली राहिले तर घोटे आणि गुडघे दुखावतात.

अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्यांमध्ये १० मृत्यू झाले. १९७०च्या दशकात, उड्या पुष्कळ कमी असतानाही, ही संख्या वर्षाला चाळीसच्या वर जाई. टँडम विद्यार्थ्यांचे मृत्यू त्याहून दुर्मीळ आहेत.

मराठी वाचकाला हा खेळ ओळखीचा केला तो पुण्याच्या शीतल महाजन यांनी. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी मारलेल्या उड्या प्रसिद्ध आहेत. पण नऊवारीतल्या उडीमागे अनेक वर्षांची तयारी होती. सुट्टीत हौसेने टँडम उडी मारणाऱ्याकडे ती नसते, म्हणून त्याने पैसे भरण्याआधी विचारलेच पाहिजे: प्रशिक्षकाचा परवाना कोणाचा आणि चालू आहे का, त्याने या साधनावर किती टँडम उड्या मारल्या, राखीव पॅराशूटची घडी कधी घातली, सायप्रेससारखे उपकरण बसवून चालू केले आहे का, आणि वारा वाढला तर उडी रद्द होते की नाही. चांगले केंद्र या प्रश्नांची उत्तरे कागद दाखवून देते. जिथे ती टाळली जातात, तिथे उडी मारू नये.