दिवा हिरवा, केबल ठीक, तरी सर्व्हर सापडत नाही? स्विचची मर्यादा तपासा

समजा, एका कंपनीचं मुख्य ऑफिस अंधेरी एमआयडीसीत आहे आणि शाखा बोरिवली, घाटकोपरला आहेत. आता मुलुंडची नवी शाखा जोडली जाते. स्विचचे दिवे हिरवे, इंटरनेटही सुरू. पण मुलुंडहून अंधेरीचा बिलिंग सर्व्हर सापडत नाही. केबल बदलून होते, नव्या स्विचचं कोटेशनही येतं. अशा वेळी स्विच बिघडलेला असेलच असं नाही. कदाचित त्याची मर्यादा संपलेली असते.

स्विच रस्ता कसा शोधतो?

साधा स्विच एकाच नेटवर्कमधले कॉम्प्युटर जोडतो. दोन वेगळ्या नेटवर्कमधला रस्ता शोधणं हे राउटरचं काम. 'लेयर ३' स्विच ही दोन्ही कामं करतो. रस्ता हाताने लिहून दिला तर तो स्टॅटिक राउट. ओएसपीएफसारख्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये उपकरणं एकमेकांकडून रस्ते शिकतात आणि एक बंद पडला तर दुसरा निवडतात.

मग अडतं कुठे?

मुंबईची रिक्षा उपनगरात कुठेही नेते, पण वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे जात नाही. इंजिन ठणठणीत असतं, परवानगी नसते. स्विचचंही तसंच आहे. मर्यादा मुख्यतः तीन ठिकाणी असतात.

*लायसन्स:* अनेक मॉडेलमध्ये मूळ लायसन्सवर ओएसपीएफ किंवा बीजीपी मिळतच नाही, किंवा अर्धवट मिळतं.

*मेमरी:* वेगाने रस्ता शोधण्यासाठी स्विचमध्ये टीकॅम नावाची खास मेमरी असते. ती मोजकीच असते आणि पत्ते, रस्ते, सुरक्षा नियम यांत वाटलेली असते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत राउटिंग सुरू केल्यावरही फक्त १६ स्टॅटिक राउट बसतात.

*प्रोटोकॉल:* जुना रिप प्रोटोकॉल जास्तीत जास्त १५ टप्पे मोजतो. सोळाव्या टप्प्यावरचं ठिकाण त्याच्या लेखी पोहोचण्यापलीकडचं असतं.

२०१४ मध्ये काय झालं होतं?

हा प्रश्न फक्त छोट्या ऑफिसचा नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या जागतिक राउटिंग टेबलने ५ लाख १२ हजार रस्त्यांचा आकडा ओलांडला. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० सारख्या काही जुन्या उपकरणांत मेमरीची मूळ वाटणी तेवढ्याच रस्त्यांसाठी होती. टेबल भरल्यावर उरलेल्या रस्त्यांचं काम खास चिपऐवजी साध्या प्रोसेसरवर गेलं. तो तेवढ्या वेगाने काम करू शकत नाही. जगभरात अनेक सेवा संथ झाल्या, काही बंद पडल्या. सिस्कोने याचा इशारा आधीच दिला होता. बऱ्याच ठिकाणी उपायही साधा होता: मेमरीची वाटणी बदलून उपकरण रीस्टार्ट करणं.

दुरुस्ती कुठून सुरू करायची?

१. आधी राउटिंग टेबल पाहा. मुलुंडचा रस्ता अंधेरीच्या स्विचवर आणि अंधेरीचा रस्ता मुलुंडच्या स्विचवर आहे का? परतीचा रस्ता नसेल तरी संपर्क होत नाही.

२. ओएसपीएफ वापरत असाल तर शेजारचा स्विच यादीत दिसतो का, ते बघा. दोन्हीकडचे टायमर आणि एमटीयू जुळले नाहीत तर ओळख पूर्ण होत नाही.

३. प्रोटोकॉलची कमांडच स्वीकारली जात नसेल, तर मॉडेल आणि लायसन्स तपासा.

४. काही ठिकाणं लागतात आणि काही नाहीत, सोबत प्रोसेसरवरचा ताण वाढलाय, असं असेल तर टीकॅम किती भरली आहे ते बघा आणि लॉग वाचा.

५. मेमरीची वाटणी बदलायची असेल, तर ती बऱ्याचदा रीस्टार्टनंतरच लागू होते. त्यामुळे हे काम ऑफिस सुटल्यावर करा.

६. छोट्या शाखांना प्रत्येक रस्ता माहीत असण्याची गरज नसते. अनेक रस्त्यांऐवजी मुख्य ऑफिसकडे जाणारा एक डिफॉल्ट राउट दिला की टेबल हलकं होतं.

खरेदी करताना काय विचारावं?

खोक्यावर 'लेयर ३' लिहिलंय, एवढं पुरेसं नाही. कोणते प्रोटोकॉल, किती राउट आणि कोणतं लायसन्स, हे तीन प्रश्न डेटाशीट हातात घेऊन विचारा. पुढची शाखा उघडण्याआधी याची उत्तरं मिळाली, तर चालू स्विच भंगारात काढायची वेळ येणार नाही.