जुना सुटा भाग : घ्यावा की न घ्यावा?

नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे नाव तुम्ही कांद्याच्या भावाबरोबर नेहमी ऐकता. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतून ट्रॅक्टर, जीप आणि पिकअप यांची लासलगावच्या रस्त्यांवर रीघ लागते. मागे कांदा भरलेला असतो आणि चालकाशेजारी बहुधा घरचेच कोणीतरी बसलेले असते. यांतील पुष्कळ वाहने जुनी असतात. जुने वाहन म्हटले की दुरुस्ती आली आणि दुरुस्ती आली की खर्च आला. अशा वेळी गॅरेजमधला मिस्त्री हमखास विचारतो, "नवा पार्ट टाकायचा की जुना चालेल?" जुना भाग पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळतो. मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार हे भाग अशा मालासाठी प्रसिद्धच आहेत.

मग जुना भाग घ्यावा की न घ्यावा? या प्रश्नाला सरसकट "हो" किंवा सरसकट "नाही" असे उत्तर देता येत नाही. पण कोणत्या भागाला "हो" म्हणावे आणि कोणत्या भागाला "नाही", हे भौतिकशास्त्राच्या मदतीने बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी लागणारी साधने तुमच्या शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत!

झीज आणि श्रांती

यंत्राचा भाग निकामी होण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे झीज. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, कणाकणाने धातू निघून जातो आणि जाडी कमी होते. चपलेचा तळ झिजतो तसेच हे आहे. झीज हळूहळू होते, ती दिसते आणि मोजता येते.

दुसरी तऱ्हा फसवी आहे. एक जुनी तार घ्या आणि ती एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा. थोड्याच वेळात ती तुटेल. तुटेपर्यंत तिची जाडी कमी झाली होती का? नाही. एकदा वाकवून ती तुटली असती का? तेही नाही. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने धातू जणू थकला. याला धातुश्रांती म्हणतात. आता तशीच दुसरी तार घेऊन ती थोड्या कमी कोनात वाकवा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मोजा. कोन कमी तर आकडा मोठा, असे तुम्हाला आढळेल.

धातुश्रांतीची ओळख माणसाला फार मोठी किंमत देऊन झाली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता मोडला. गाडी घसरून पेटली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे आउगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-अभियंत्याने १८५० नंतरच्या दोन दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. भार टांगून तो आस फिरवी आणि किती फेऱ्यांनंतर मोडतो ते मोजी. भार थोडा कमी केला की फेऱ्यांची संख्या कितीतरी वाढे. आणि पोलादाच्या बाबतीत ठरावीक मर्यादेच्या खाली ताण ठेवला तर आस जवळजवळ मोडतच नसे.

आता एक हिशेब करू. जीपच्या चाकाचा परीघ साधारण २ मीटर धरला तर एका किलोमीटरला चाकाच्या ५०० फेऱ्या होतात. १ लाख किलोमीटरला ५ कोटी फेऱ्या! ज्या गाड्यांत मागचा आस चाकाबरोबर फिरतो आणि वजनही पेलतो, त्या आसाचा प्रत्येक बिंदू प्रत्येक फेरीत एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. म्हणजे तो आस ५ कोटी वेळा मागे-पुढे "वाकवला" गेलेला असतो. त्यावर रंगाचा हात दिला तर तो नव्यासारखा चकाकेल. पण त्याने किती भार पेलला आणि त्याच्या आयुष्यातले किती खर्च झाले, हे रंगाखाली कोठेही लिहिलेले नसते.

भार सव्वापट, आयुष्य निम्मे

तुम्ही म्हणाल, गाडी किती किलोमीटर चालली हे विचारले की झाले! पण तेवढ्याने भागत नाही. बेअरिंगचेच पाहा. स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या संशोधकांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचा सिद्धांत मांडला. त्यानुसार गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, तर एक-अष्टमांश होते. भार सव्वापट केला तरी १.२५ चा घन १.९५ येतो, म्हणजे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. "थोडा जास्त माल भरला तर काय बिघडले?" या प्रश्नाचे उत्तर या घनात आहे. म्हणून शहरात दोन माणसांना घेऊन फिरलेल्या गाडीचे बेअरिंग आणि खच्चून भरलेल्या पिकअपचे बेअरिंग यांच्या गाड्यांचे किलोमीटर सारखे असले तरी त्यांचे वय सारखे नसते.

मोजता येते ते मोजून घ्यावे

जो भाग केवळ झिजतो, तो जुना घेण्यास हरकत नाही. मात्र तो मोजून घ्यावा. ब्रेकच्या डिस्कचे उदाहरण घेऊ. पुष्कळ डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. समजा नव्या डिस्कची जाडी २२ मिलिमीटर असून किमान जाडी २० मिलिमीटर आहे. म्हणजे आपण पैसे मोजतो ते वरच्या २ मिलिमीटरसाठी. नवी डिस्क १००० रुपयांना असेल तर दर मिलिमीटरला ५०० रुपये पडले. जुनी डिस्क ४०० रुपयांना मिळते आणि तिची जाडी २०.४ मिलिमीटर भरते. म्हणजे ४०० रुपयांत फक्त ०.४ मिलिमीटर मिळाले, दर मिलिमीटरला १००० रुपये! स्वस्त वाटणारी डिस्क दुप्पट महाग निघाली. (किमती केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत.)

येथे मोजण्याचीही एक गंमत आहे. डिस्क मधल्या पट्ट्यात झिजते आणि बाहेरची कडा उंच राहते. व्हर्नियरचे सरळ जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. स्क्रू गेजची टोके कडा ओलांडून झिजलेल्या जागी नेता येतात, म्हणून तेथे स्क्रू गेजच वापरावा. तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा.

बॅटरीचे वय मोजायला दुसरी युक्ती लागते. जुन्या बॅटरीवर दिवे लख्ख लागतात, पण किल्ली फिरवली की सेल्फ नुसता "टक्‌" करून थांबतो. असे का? बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा तो ०.०१ ओहमवरून ०.०३ ओहम झाला. दिव्याला साधारण ५ अँपिअर प्रवाह लागतो. ५ गुणिले ०.०३ म्हणजे ०.१५ व्होल्ट आतच खर्च झाले, १२.६ पैकी १२.४५ व्होल्ट उरले. दिव्याला काहीच कळले नाही! पण सेल्फला १५० अँपिअर लागतात असे धरले, तर ४.५ व्होल्ट आत खर्च होऊन बाहेर ८.१ व्होल्टच उरतात आणि तेवढ्यावर इंजिन फिरत नाही. म्हणून नुसता दिवा लावून बॅटरी घेऊ नये. सेल्फ मारताना दोन टोकांना व्होल्टमीटर लावून विभवांतर किती घसरते ते पाहावे.

न दिसणारी चीर

मडके घेताना आपली आजी त्यावर टिचकी मारून पाहते. मडके खणखणीत वाजले तर चांगले, बद्द आवाज आला तर चिरलेले. चिरेशी कंपनांची ऊर्जा घर्षणात नष्ट होते आणि नाद लगेच विरतो. रेल्वेची चाके हातोडीने वाजवून पाहण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती.

आणखी एक सोपा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर करून पाहा. गॅरेजमधून एखादा तुटका पाटा किंवा तडा गेलेला लोखंडी तुकडा मागून आणा. तो रॉकेलमध्ये (न मिळाल्यास डिझेलमध्ये) तासभर बुडवून ठेवा. नंतर कोरडा पुसा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरा. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर एक ओली काळपट रेघ उमटेल. केशाकर्षणाने चिरेत शिरलेले तेल खडूने पुन्हा शोषून बाहेर काढले. डोळ्यांना न दिसलेली चीर आता स्वतःच रेघ ओढून दाखवते!

मात्र ही परीक्षा पृष्ठभागावर उघडणाऱ्या चिरेपुरतीच आहे. धातूच्या पोटातील पोकळी पाहायला कारखान्यांत श्राव्यातीत ध्वनी, क्ष-किरण किंवा गॅमा किरण वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावात उभारलेल्या 'कृषक' प्रकल्पात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून वापरले गेले. त्याच जातीचे किरण ओतीव लोखंडाच्या आरपार जाऊन आतील दोष फिल्मवर उमटवतात. पण लक्षात ठेवा : चीर पडण्यापूर्वी जी श्रांती साठलेली असते, ती हेही किरण दाखवू शकत नाहीत. उद्या तुटणारी तार आज अखंडच दिसते.

तीन ढीग

यावरून आपण जुन्या भागांचे तीन ढीग करू शकतो.

पहिल्या ढिगात दरवाजा, आरसा, आसन, बंपर, दिव्याचे घर असे भाग. यांच्यावर कोणाचा जीव अवलंबून नसतो आणि दोष असला तर दिसतो. हे खुशाल घ्यावेत. एक जुना दरवाजा वापरला की तेवढे पोलाद पुन्हा वितळवण्याची ऊर्जा वाचते, हा लाभ वेगळाच.

दुसऱ्या ढिगात अल्टरनेटर, सेल्फ, रेडिएटर, ब्रेकची डिस्क किंवा ड्रम असे भाग. हे मोजून, चालवून, तपासून घ्यावेत आणि उरलेल्या आयुष्याच्या हिशेबाने पैसे द्यावेत.

तिसऱ्या ढिगात स्टिअरिंगचे टायरॉड आणि बॉल जॉइंट, ब्रेकचे रबरी होज, मागचा आस, चाकाचे बेअरिंग, टायर, सीट बेल्ट आणि एअरबॅग. हे भाग न सांगता दगा देतात आणि त्या क्षणी दुसरा आधार नसतो. अपघातात एकदा ताणला गेलेला सीट बेल्ट पुन्हा तेवढा धक्का झेलण्याची खात्री देत नाही. टायरवर खाचा खोल असल्या तरी रबर हवेने कडक होते; म्हणून त्यावरील चार अंकी आकडा वाचायला शिका. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. तिसऱ्या ढिगातील वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी जुनी घेऊ नये.

पहिल्या दोन ढिगांतील भागही पावती घेऊनच घ्यावेत, कारण चोरीच्या गाडीचे भाग या बाजारात येऊ शकतात. देशात २०२१ साली वाहने मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम झाले; तेथून निघालेल्या भागाच्या मागे निदान त्या गाडीची नोंद असते.

निगा म्हणजे मोजत राहणे

आपल्या गाडीचा प्रत्येक भाग दररोज थोडा थोडा "जुना" होतच असतो. निगा राखणे म्हणजे ते वय मोजत राहणे.

ब्रेकच्या तेलाचेच पाहा. नाशिकहून मुंबईला जाणारी गाडी कसारा घाट उतरते. दीड हजार किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ३०० मीटर खाली आली तर सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या ऊर्जेत २० अंशांचे १३ लिटर पाणी उकळीला येईल! चालकाने केवळ ब्रेकवर गाडी उतरवली तर यांतील बहुतेक उष्णता ब्रेकमध्ये जाते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ब्रेक-तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतील ओल शोषते, आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; म्हणून पायाखालचे पेडल एकदम खाली जाते. तेल दिसायला तेवढेच भरलेले, पण ब्रेक मात्र नाही! यासाठी ते ठरल्या मुदतीत बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. ३० अंशांना ३२ पौंड दाब असेल, तर टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर तोच दाब सुमारे ३७ पौंड दिसतो. वायूच्या नियमाने हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. वातावरणाचा सुमारे १५ पौंड दाब मिळवायला आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला मात्र विसरू नका.

घरात जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर असेल तर एक वही घाला. कोणता भाग केव्हा बदलला, तो नवा होता की जुना, किती किलोमीटरला बदलला, टायरवरचा आकडा कोणता, ब्रेकचे तेल केव्हा भरले, हे सारे तीत लिहा. वडीलधारी मंडळी सुरुवातीला हसतील. पण पुढच्या वेळी मिस्त्रीने "जुना चालेल का?" असे विचारले, की वही उघडा आणि आधी त्यालाच विचारा, "हा भाग हळूहळू झिजतो, की एकदम तुटतो?"