एचपीव्ही टेस्ट म्हणजे काय? त्रास नसतानाही ती का करायची?

परवा आईला विचारलं, "गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची टेस्ट केलीस का कधी?" ती म्हणाली, "मला काही त्रासच नाही, मग टेस्ट कशाला?" तुमच्या घरीही बहुतेक हेच उत्तर मिळेल. म्हणून आज ही टेस्ट समजून घेऊया.

आजार कसा होतो?

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि खूप कॉमन आहे. बहुतेक वेळा शरीर तो स्वतःच काढून टाकतं. पण १६ आणि १८ सारखे प्रकार टिकून राहिले, तर ते पेशींमधली पी५३ नावाची 'सिक्युरिटी सिस्टीम' बंद पाडतात. मग बिघडलेल्या पेशी वाढत जातात. कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात आणि तोपर्यंत बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही. म्हणजे बग पकडायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो!

टेस्ट काय करते?

पॅप टेस्टमध्ये पेशी बदलल्या आहेत का, ते मायक्रोस्कोपखाली बघतात. एचपीव्ही टेस्ट थेट विषाणूचा डीएनए शोधते. छोट्या ब्रशने नमुना घेतात. काही किटमध्ये तर बाई स्वतःच नमुना घेऊ शकते.

खरंच फायदा होतो का?

याचा मोठा पुरावा आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला आहे. १९९९ पासून तिथे ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त महिलांवर अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

पॉझिटिव्ह आली तर?

घाबरू नका, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. डॉक्टर पुढची तपासणी करतात आणि गरज पडली तर तेवढाच बिघडलेला भाग काढतात किंवा उष्णतेने नष्ट करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ही टेस्ट वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी करावी. लस घेतली असली तरी टेस्ट लागतेच. आणि अंगावरून रक्त जाणं किंवा असा काही त्रास असेल, तर टेस्टची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.

आईच्या फोनचं रिचार्ज आपण लक्षात ठेवतोच ना? मग आज तिला हेही विचारा.