क्रूसावरची मूर्ती

कल्याणहून कर्जतची लोकल धरली, की विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे टाकून गाडी अंबरनाथला येते. अंबरनाथ म्हटले, की आपल्याला आठवते ते शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे शिलाहारांचे शिवालय. त्याच गावात फातिमा मातेचे चर्चही आहे. शिवालयाच्या भिंती न्याहाळून आलेला माणूस कॅथलिक देवळात शिरला, तर तो क्षणभर थबकतोच. आपल्या देवांच्या हाती त्रिशूळ, चक्र, गदा. इथला देव मात्र खिळ्यांनी ठोकलेला, मान टाकलेला. पूजेला हे रूप कोणी का घ्यावे?

गंमत अशी, की आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ते घेतलेच नव्हते. क्रूस ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची लाजिरवाणी शिक्षा. ते बिचारे मासा, नांगर, मेंढपाळ अशी चित्रे काढीत. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर पाचव्या शतकात हा प्रसंग कोरला गेला खरा, पण तिथला ख्रिस्त डोळे उघडे ठेवून ताठ उभा आहे. प्राण गेलेला ख्रिस्त मूर्तीत मोठ्या आकारात दिसतो तो दहाव्या शतकात, जर्मनीतल्या कोलोनला.

पुढे सोळाव्या शतकात ग्रूनेवाल्ड या चित्रकाराने इझेनहाइमच्या मठासाठी क्रूसाचे चित्र काढले. तिथे अंगाची आग होणारे, हातपाय सडलेले रोगी उपचाराला येत. चित्रातल्या ख्रिस्ताचे सारे अंग व्रणांनी भरलेले आहे! मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. त्या रोग्यांना पराक्रमी देव पाहून काय मिळणार होते? त्यांना आपल्यासारखाच देह हवा होता.

पण हीच मूर्ती धाकही घालू शकते. पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या सेंट सेबास्टियन चॅपेलमधला क्रूस पाहा. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १९१८मध्ये या चॅपेलात आला. त्यावरच्या ख्रिस्ताची मान ताठ आणि डोळे सताड उघडे आहेत. आरोपीला जरब बसावी म्हणून तसे घडवले, असे सांगतात.

सगळ्याच ख्रिस्ती लोकांना मूर्ती चालते असेही नाही. प्रॉटेस्टंटांचा क्रूस बहुधा रिकामा असतो, कारण ख्रिस्त पुन्हा उठला ही गोष्ट त्यांना पुढे ठेवायची असते. मराठी बायबलात त्याला ‘वधस्तंभ’ म्हणतात. (आपण सर्रास ‘सुळावर दिले’ म्हणतो, पण सूळ ही निराळीच शिक्षा.) केरळच्या सीरो-मलबार ख्रिस्ती मंडळींसाठी १९८८मध्ये कल्याणला निराळा धर्मप्रांत झाला, त्यांच्या संत थोमाच्या क्रूसावरही देह नसतो, खाली कमळ असते.

कॅथलिक देवळात गुड फ्रायडेच्या आधी क्रूस जांभळ्या कापडाने झाकण्याची रीत आहे. त्या दिवशी तो उघडतात आणि लोक रांगेने येऊन मूर्तीच्या पायांचे चुंबन घेतात. घरोघरी भिंतीवरच्या लहानशा क्रूसामागे झावळीची एक पात खोचलेली दिसते. झावळ्यांच्या रविवारी मंतरून आणलेली ती पात वर्षभर तिथेच वाळते. पुढल्या वर्षी तिची राख करून कपाळाला लावतात.