न हललेल्या हाताचे हस्ताक्षर

पाटीवरचा 'ळ' गिरविता गिरविता ज्याचा हात एकदा त्या वळणात बसला, त्याला पुढे जन्मभर डोळे मिटूनही ते अक्षर काढता येते. आणि म्हणूनच वळण हे हाताला लागलेले असते, अशी आपली सहज समजूत असते. हातच निकामी झाला तर त्या वळणाचे काय होते, याचा शोध अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक विलेट व त्यांचे सहकारी यांनी घेतला, आणि 2021 च्या मे महिन्यात तो 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कळफलक आणि माऊस यांच्यावाचून संगणक चालविण्याच्या ज्या वाटा आज चोखाळल्या जात आहेत, त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

प्रयोगाला बसलेले गृहस्थ 65 वर्षांचे होते, आणि 2007 साली मानेपाशी मज्जारज्जूला इजा झाल्यापासून त्यांचे हातपाय लुळे पडलेले होते. अशा इजेत मेंदू शाबूत असतो. हात हलविण्याचा हुकूम तेथून पूर्ववत् सुटतो, परंतु तो पोचविणारी वाटच मध्ये तुटलेली असल्यामुळे त्याची तामील होत नाही. त्यांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, जेथून उजव्या हाताच्या हालचालींचे नियमन होते त्या जागी, प्रत्येकी सुमारे शंभर सूक्ष्म सुया असलेल्या दोन चिमुकल्या चकत्या शस्त्रक्रियेने बसविलेल्या होत्या. ओळी आखलेल्या कागदावर आपण लेखणीने लिहीत आहोत असे समजून त्यांनी एकेक अक्षर काढण्याचा प्रयत्न करावयाचा, पेशींतील विद्युत्स्पंदने त्या सुयांनी टिपावयाची, आणि संगणकाने त्यांवरून अक्षर ओळखून पडद्यावर उमटवावयाचे, असा हा क्रम होता. वर्षानुवर्षे निकामी असलेल्या त्या हाताने मिनिटाला 90 अक्षरे लिहिली. त्याच वयाची धडधाकट माणसे मोबाइलवर सुमारे 115 अक्षरे उमटवितात.

पूर्वी अशा रुग्णांना पडद्यावरील दर्शक मनाने सरकवून एकेक कळ निवडावी लागे, आणि त्या रीतीचा उच्चांक 40 अक्षरांचा होता. सरळ रेषेतल्या हालचाली परस्परांसारख्याच असल्यामुळे त्या संगणकाला वेगळ्या ओळखता येणे कठीण जाते. अक्षर मात्र मध्येच वळते, थबकते, पुन्हा वेग घेते, आणि त्याच्या या चालीमुळेच ते इतरांपासून निराळे पडते. म्हणजे ज्या वळणासाठी पंतोजींनी आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून कित्ते गिरवून घेतले, तेच वळण येथे संगणकाच्या कामी आले! दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला आकार नसल्यामुळे तिच्यासाठी एक कोनाकृती खूण ठरवावी लागली. आमच्या देवनागरीतील गाठी, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे मेंदूत कसे चित्र उमटत असेल, हे पाहण्याची मला फार उत्कंठा आहे, आणि असा प्रयोग मराठीतही व्हावा असे मनापासून वाटते.

मेंदू व संगणक यांच्यात असा थेट व्यवहार होऊ शकेल, हा विचार जॅक विदाल यांनी 1973 सालीच मांडला होता, आणि 2004 मध्ये मॅथ्यू नेगल या पक्षाघातग्रस्त तरुणाच्या मेंदूत अशी चकती बसविल्यानंतर त्याने केवळ मनाने ई-पत्र उघडूनही दाखविले. मनगटाच्या स्नायूंतील विद्युत्संदेश वाचणारे पट्टेही आता निघाले आहेत. त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, परंतु ज्याचा संदेश मनगटापर्यंत पोचतच नाही त्याला त्यांचा उपयोग काय?

मनातले सारेच यंत्राला कळू लागले तर, ही भीती मात्र निराधार नाही. 2025 साली स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी मनातल्या मनात उच्चारलेले शब्द ओळखण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी एक परवलीचा शब्द ठरविला. तो मनात आणल्यावाचून यंत्राने ऐकूच नये अशी ती तजवीज होती, आणि तो शब्द 98 टक्क्यांहून अधिक वेळा बिनचूक ओळखला गेला. माणसाच्या अंतःकरणाला असा अडसर घालण्याची सोय संशोधकांनी आपण होऊन केली, ही गोष्ट मला प्रयोगाच्या यशाइतकीच महत्त्वाची वाटते.

विलेट यांच्या प्रयोगातील एक आकडा माझ्या मनातून जात नाही. समोरचे वाक्य उतरवून काढताना त्या गृहस्थांचा वेग 90 अक्षरांचा होता. परंतु प्रश्न विचारून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावयास सांगितले, तेव्हा तो 74 च्या आसपास उतरला, कारण आता त्यांना काय लिहावे याचा विचार करावा लागत होता.