हात उजवा, डोळा डावा

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि नेमबाजीचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले. मात्र मुलाला रेंजवर नेणाऱ्या पालकांना एका गोष्टीची सहसा कल्पना नसते. हात जसा उजवा वा डावा असतो, तसा डोळाही असतो.

दोन्ही डोळे उघडे असले तरी नेम धरताना मेंदू त्यांपैकी एकावर अधिक विसंबतो. हा प्रबळ डोळा. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा तो उजवा असतो. हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा, असे असणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. हा दोष नव्हे आणि तिरळेपणाशी त्याचा संबंध नाही. परंतु तो वेळीच ओळखला नाही तर मूल धांदरट ठरते, बोलणी खाते आणि कंटाळून खेळ सोडते.

उडत्या चकत्यांवरील नेमबाजीत याचा फटका सर्वाधिक बसतो. शॉटगनला मागची साइट नसते. डोळा हीच तिची मागची साइट. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम मात्र डाव्या डोळ्याने, असे झाले की नळी डावीकडे वळते. दोन डोळ्यांतील अंतर ६ सेंटीमीटर आणि डोळ्यापासून नळीचे टोक १ मीटरवर धरले, तर ३० मीटरवरील चकतीच्या जवळजवळ पावणेदोन मीटर डावीकडून छरे निघून जातात. एअर रायफलमध्ये मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहायचे असल्याने घोळ इतका उघड दिसत नाही. मूल नकळत मान दस्त्यावरून पलीकडे झुकवते आणि डावा डोळा छिद्राशी आणू पाहते. १० मीटरवरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे वाकड्या मानेने निभाव लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही हात समोर ताणून, तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवून मुलाला दोन्ही डोळ्यांनी दूरची वस्तू पाहायला सांगावे. मग एकेक डोळा झाकावा. जो झाकल्यावर वस्तू फटीतून नाहीशी होते, तो प्रबळ. कशाची परीक्षा चालली आहे हे मुलाला सांगू नये आणि ती चार-पाच वेळा करावी.

पुढे काय? नवशिक्या मुलासाठी खांदा बदलणे हाच बहुधा उत्तम उपाय. हाताला अजून सवय जडलेली नसते; डावा खांदा आणि डावे बोट काही आठवड्यांत रुळते, डोळ्याची आवड मात्र सहजी बदलत नाही. अडचण असते ती मोठ्यांची. डाव्या हाताने घास घेऊ नये, हा घरातला दंडक रेंजवरही डोकावतो. शिवाय क्लबमधील रायफली बहुधा उजव्या हातासाठी घडवलेल्या असतात. तरीही गोळी न भरता दोन्ही खांद्यांवर सराव करू द्यावा आणि कल मुलाकडूनच जाणून घ्यावा.

बरीच वर्षे उजव्या खांद्याने खेळलेल्या मुलाची घडी मात्र मोडू नये. त्याच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा लावता येतो. रायफल व पिस्तूल स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. तो काळा नको, दुधी व अर्धपारदर्शक हवा. एक डोळा अंधारात गेला की दोन्ही बाहुल्या विस्फारतात आणि नेमाची स्पष्टता घटते. ‘एक डोळा मीट’ हा सर्रास दिला जाणारा सल्लाही फार काळ उपयोगी पडत नाही, कारण त्याने चेहऱ्याचे स्नायू थकतात. पिस्तुलाची गोष्ट त्या मानाने सोपी. हात लांब असल्याने मान किंचित वळवली की डावा डोळा साइटच्या रेषेत येतो.

या साऱ्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. एका डोळ्याची दृष्टी मंद असल्यामुळेच दुसरा प्रबळ भासत असेल, तर गरज असते ती चष्म्याची किंवा उपचाराची. लहान वयात हे उपचार अधिक गुणकारी ठरतात.